दोनची उपासना

चौथ्या दिवशी सकाळी बसमधली माणसं मोजताना तेग्वेन पॅरी दोनदा चुकली. एकतीस व्हायला हवी होती. एकदा तीस भरली, एकदा बत्तीस. बावीस वर्षं सहली घेऊन हिंडलेली बाई ती, झोपेतही माणसं बरोबर मोजली असती तिनं.

"मलापण पाहुण्यांत धरलंस की काय ग?" स्टिअरिंगवर कोपर टेकून बसलेला हेव्हिन म्हणाला. "मग माझीपण बॅग उचल. जड आहे."

"गप रे. माझं डोकं आज ठिकाणावर नाही."

"ते पहिल्या दिवसापासून कळतंय. परवा किल्ल्यावर तू एडवर्ड राजाला एडवीना म्हणालीस. कुणी हसलं नाही, मीच एकटा हसलो."

तिनं तिसऱ्यांदा मोजली. एकतीस. बस सुटली.

सहल पाच दिवसांची. कालवा नि धबधबा झाला होता, किल्ले झाले होते, स्लेटची खाण झाली होती. आज रविवार. आज डोंगरातलं तळं, आणि मग सव्वातीनची वाफेची छोटी गाडी. रविवारची तेवढीच एक गाडी. पाहुणे सगळे इंग्लंडातल्या लँकेशायरकडचे, साठीच्या पुढचे, सोशिक आणि वेळेचे पक्के. त्यांना वेल्समध्ये सगळं आवडत होतं, पाऊससुद्धा.

तळं आणि गाडी या दोहोंच्या मधे, दोन ते दोन पन्नास, तेग्वेननं स्वतःच्या हातानं एक ओळ घातली होती: 'जुनं चॅपेल, चालू उपासनेसह.' कार्यालयातल्या बाईंनी भुवई उंचावली, पण ओळ राहू दिली. ते जुनं चॅपेल म्हणजे कुम-हेलिग गावातलं हेब्रोन. तिथं तिचे वडील, पाळक इद्वाल पॅरी, एकतीस वर्षं व्यासपीठावर उभे राहिले होते. आता सभासद सातच उरले होते, आणि त्या सातांनी मिळून एप्रिलमध्ये ठरवलं होतं की पुरे. आजची उपासना शेवटची. शेवटचं प्रवचन कुणी करायचं यावर चर्चा झालीच नाही. सत्त्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांनी जवळजवळ अधू झालेले इद्वाल पॅरी चार वर्षांनी पुन्हा त्या पायऱ्या चढणार होते.

तेग्वेननं रजा मागितली होती. मिळालीही होती. मग दुसऱ्या गाईडबाई घसरून पडल्या आणि घोटा मोडून घेतला. माणूस मिळेना. मग तेग्वेननं विचार केला, मला सहल सोडून चॅपेलला जाता येत नाही ना? मग सहलच चॅपेलला नेते. सात माणसांपुढे बोलण्यापेक्षा तादा (वडलांना ती तादाच म्हणे) अडतीस माणसांपुढे बोलतील. त्यांना दिसत नाही, पण बाकं भरलेली असली तर खोकला, कपड्यांची सळसळ, बुटांचा आवाज कानावर येतो. भरलेलं चॅपेल त्यांना श्वासावरून कळतं.

पण तिचा खरा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत.

इद्वाल पॅरी बोलायला सुरुवात करत ती अगदी साधी, कुंपणापाशी उभं राहून शेजाऱ्याशी बोलावं तशी. मग हळूहळू वाक्यं लांबत. एखादा शब्द परत येई, मग पुन्हा येई, दर वेळी थोडा वरच्या पट्टीत. आणि मग कधीतरी आवाज जमीन सोडी. बोलणं कुठं संपलं नि गाणं कुठं सुरू झालं, हे शपथेवर सांगता येत नसे. याला तिकडे हुइल म्हणतात. ते ठरवून येत नाही, मागून मिळत नाही; पायऱ्या चढणाऱ्या पाळकालाही ठाऊक नसतं आज देवाच्या मनात काय आहे ते. पण आलं म्हणजे खाणीत दगड फोडलेला बाप्या डोळे पुसत असतो आणि पुसतोय हे त्याचं त्याला ठाऊक नसतं. एकट्या पाळकाचं ते काम नव्हे. व्यासपीठाखाली, त्याच्याकडे तोंड वळवून बसलेली चॅपेलची वडीलमंडळी मधेमधे "हो, हो", "खरंय", "आमेन" म्हणत राहतात. प्रवचनाला खाऊ घालणं म्हणतात त्याला. चुलीत एकेक लाकूड सारावं तसं. खाऊ नाही घातलं तर भलाभला पाळक विझतो.

तेग्वेननं ते शेवटचं ऐकलं त्याला नऊ वर्षं झाली होती. आज पुन्हा एकदा ऐकायचं होतं. यापुढे ना ते चॅपेल असणार होतं, ना ती वडीलमंडळी, आणि तादांच्या छातीचा तर भरवसाच नव्हता.

म्हणून तिनं मिनिटं मांडली होती. वेळ पुढे ओढता येईल का म्हणून ऑर्गन वाजवणाऱ्या मॉर्व्हिदबाईंना फोन केला होता.

"एक वाजता?" मॉर्व्हिदबाई म्हणाल्या होत्या. "एकशे साठ वर्षं दोनला होतेय उपासना. देवाला दोनची सवय आहे, तेग्वेन. एकला तो जेवत असेल."

"मग स्तोत्रांची कडवी तरी कमी करा. दोन-दोनच."

"शेवटच्या दिवशी कडवी कापू? बरं. तुझ्या आईकडे बघून कापते."

म्हणजे सव्वादोनला प्रवचन सुरू. पूर्वी तादांना रंग चढायला अर्धा तास लागे, आता दम कमी, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांत काय ते होईल. दोन चाळीस. दहा मिनिटं हुइल. दोन पन्नासला बस. पाच-पाच मिनिटं तिनं मनाशी इतकी घोकली होती की एडवर्डची एडवीना होणारच.

आणि आदल्या रात्री तादांना फोनवर बजावलं होतं. "तादा, पाहुणे इंग्रज आहेत. त्यांना मी सांगून ठेवलंय, शब्द कळणार नाहीत, सूर ऐका म्हणून. ते खूश आहेत. तुम्ही वेल्शमधूनच बोलायचं. ऐकताय ना?"

"ऐकतोय, तेग्वेन बाळ. मी काय आज पहिल्यांदा बोलतोय का?"

तळ्याकाठी सँडविच खाताना म्हातारे मिस्टर ॲक्रॉइड तिच्यापाशी आले. आगगाडीच्या इंजिनात कोळसा सारण्यात त्यांची जवानी गेली होती. वाफेची इंजिनं बंद झाली तेव्हा नोकरीही गेली. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. किल्ल्यांकडे त्यांनी नम्रपणे पाहिलं होतं, खाणीकडेही. त्यांची सहल आज होती.

"सव्वातीनच ना हो, बाई?"

"सव्वातीन, मिस्टर ॲक्रॉइड."

"चुकणार नाही ना? नाही, तुम्ही आहात म्हणजे नाहीच चुकणार. मी आपलं विचारलं." ते हसले. "बायको म्हणायची, तुला माझ्यापेक्षा बॉयलर प्यारा. खोटं नव्हतं अगदीच."

हेव्हिननं हे ऐकलं. म्हातारे लांब गेल्यावर तो म्हणाला, "तू मागे राहा की. मी नेतो यांना."

"आणि बस? गाडी यांना डोंगरापलीकडे उतरवणार, तिथं बस कोण घेऊन येणार? तिकिटं माझ्या नावावर, त्या मिसेस डटनना पायऱ्या चढवायला कुणीतरी हवं..."

"बरं, बरं. मी आपलं विचारलं," हेव्हिन ॲक्रॉइडांच्याच सुरात म्हणाला, आणि तिला हसू आलं.

दोनला पाच कमी असताना बस हेब्रोनपाशी थांबली. तेग्वेनचा बेत होता की पाहुण्यांना गुपचूप मागच्या बाकांवर बसवायचं. पण तादा दारात उभे होते. काळा कोट, पांढरी काठी, आणि शेजारी त्यांचा हात धरून वडीलमंडळींतले गुटो एलिस. शेवटच्या दिवशी पाळकानं दारात उभं राहून येणाऱ्याचं स्वागत करावं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

तेग्वेन बसमधून उतरून धावतच गेली. "तादा, तुम्ही आत चला ना, थंडी आहे."

"पाहुणे येतायत आणि मी आत जाऊन बसू?"

तोवर मिस्टर ॲक्रॉइड पुढे झालेही होते. टोपी काढून त्यांनी तादांचा हात दोन्ही हातांत घेतला. "आमंत्रणाबद्दल फार आभारी आहोत आम्ही, साहेब. मीही चॅपेलमध्येच वाढलो. आमच्याकडचं पाडून तिथं गालिच्यांचं दुकान काढलं."

"अरेरे," तादा इंग्रजीत म्हणाले. "या, या. आपलंच समजा."

एकतीस हात. एकतीस वेळा तादा इंग्रजीत "या" म्हणाले.  तेग्वेननं स्वतःला समजावलं, दारातली गोष्ट वेगळी, व्यासपीठ वेगळं.

पहिलं स्तोत्र दोन कडव्यांचं झालं. पाहुण्यांना चाल ओळखीची निघाली, त्यांनी गुणगुणत साथ दिली. वाचन झालं, प्रार्थना झाली, सगळं वेल्शमधून. तेग्वेन खिडकीकडच्या बाकावर बसली होती. घड्याळात दोन सोळा. तादा गुटोच्या आधारानं पायऱ्या चढले, कठड्यावर दोन्ही तळवे पसरले आणि मान किंचित कलती करून ऐकू लागले. बाकांची करकर, नाक ओढल्याचा आवाज, कुणीतरी गोळीचा कागद सोडवत होतं. इतक्या श्वासांनी भरलेलं हेब्रोन त्यांनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला.

आणि ते म्हणाले, "मित्रहो," आणि ते इंग्रजीत म्हणाले.

तेग्वेननं डोळे मिटले.

यात तादांचं वेगळेपण काहीच नव्हतं. कुम-हेलिगच्या दुकानात बारा माणसं वेल्शमधून कचाकचा भांडत असोत, एक इंग्रज दूध घ्यायला आत आला की बाराच्या बारा इंग्रजीतून भांडू लागतात. पाहुण्याला परकं वाटू नये. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही आणि कुणी विसरायला लावू शकत नाही. ज्याचा हात हातात घेतला, ज्याच्या चॅपेलचं दुकान झाल्याचं ऐकलं, त्याला न कळणाऱ्या भाषेत चाळीस मिनिटं बसवून ठेवायचं? इद्वाल पॅरींच्या हातून ते होण्यातलं नव्हतं. आणि त्या मिस्टर ॲक्रॉइडना इथवर आणलं कुणी, तर तिनं.

प्रवचन खाणीवरचं होतं. तेग्वेनला ते पाठ होतं. कड्यावर साखळीनं लटकून दगड फोडणारा खाणकामगार. साखळी मांडीभोवती एक वेढा देऊन वर खुंटीला बांधलेली. एके दिवशी धुकं उतरतं. वरचं काही दिसत नाही, खालचं काही दिसत नाही. तो हाक मारतो, वर कोण आहे? उत्तर येत नाही. पण साखळी ताठ असते. वेल्शमध्ये तादा त्या हाकेपाशी परत परत येत, आणि दर वेळी कडा उंच होत जाई, धुकं दाट होत जाई, शेवटी चॅपेलातला प्रत्येक जण त्या एका साखळीला लोंबकळत असे.

इंग्रजीत तो एक अपघात झाला. बरोबर, व्यवस्थित, नीट सांगितलेला. "त्या काळी सुरक्षेची साधनं नव्हती," तादा म्हणाले, आणि पाहुण्यांनी हळहळून माना हलवल्या. खाण कालच पाहिली होती त्यांनी. तादांचं इंग्रजी शुद्ध होतं, पण ते शाळेत शिकलेलं होतं, आणि रविवारचा कोट घालून बसल्यासारखं कोपरात आवळत होतं. वाक्य वर जायला बघे आणि त्याला पुढचा शब्द हुडकावा लागे. तेवढ्यात ते खाली येई.

वडीलमंडळी गप्प. गुटो एलिसनं एकदा तोंड उघडलं. सत्तर वर्षं या माणसानं प्रवचनांना खाऊ घातलं होतं, पण इंग्रजी प्रवचनाला काय घालायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तोंड मिटलं आणि आपल्या टोपीकडे बघत बसला. ऑर्गनपाशी मॉर्व्हिदबाईंनी मान वळवून थेट तेग्वेनकडे पाहिलं. रागानं नव्हे. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दोन अठ्ठावीस.  उठून व्यासपीठापाशी जावं आणि त्यांच्या कोटाची बाही ओढावी? एकतीस माणसांदेखत बापाला सांगावं, हे नको, ते बोला? शेवटी तिनं धीर करून, स्वच्छ वेल्शमध्ये, मोठ्यानं म्हटलं, "हो, हो!"

बायका सहसा खाऊ घालत नाहीत. माना वळल्या. तादांनी तो आवाज ओळखला. ते त्या दिशेला वळून इतकं गोड हसले की तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं. आणि मग ते पुन्हा इंग्रजीत पुढे बोलू लागले. त्यांना वाटलं, पोरीला आवडतंय.

प्रार्थना करायला तरी काय मागणार? देवा, माझ्या बापाचं चांगुलपण दहा मिनिटं बाजूला ठेव, असं? तिनं काहीच मागितलं नाही.

दोन बेचाळीसला तादा थांबले. "मित्रहो, माझी मुलगी मला सांगते की तुम्हाला आगगाडी गाठायची आहे. तुमची आगगाडी चुकवून मी स्वर्गात कोणत्या तोंडानं जाऊ? देव तुमचं भलं करो. सुखरूप जा." आणि हात वर करून त्यांनी आशीर्वाद दिला.

पाहुण्यांना राहवलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. हेब्रोनमध्ये आजवर टाळी वाजली नव्हती. कुठं बघावं हे गुटो एलिसला कळेना.

बाकं करकरली, एकतीस जणांचे बूट दाराकडे निघाले. तेग्वेन नियमाप्रमाणे सगळ्यांच्या मागून, हातानं वाट दाखवत, हसत. दारातून तिनं वळून पाहिलं. तादा अजून व्यासपीठावरच होते, कठड्याला धरून, दूर जाणारी पावलं ऐकत. दार लागलं.

बसपाशी तिनं मोजलं. तीस.

"मिसेस डटन," हेव्हिन म्हणाला. "मागच्या खोलीतल्या संडासात गेल्यात. दोन शेहेचाळीस झालेत, तेग."

तेग्वेन पुन्हा चॅपेलच्या पडवीत येऊन उभी राहिली. आणि तेव्हा आतून आवाज आला. शांतपणे, कुंपणापाशी उभं राहून शेजाऱ्याशी बोलावं तसा. वेल्शमध्ये.

"आता आपण आपलेच," तादा म्हणत होते. "पाहुणे गेले. सातजण आहोत. मगाशी मी तुम्हाला तुमच्या वाटणीचं दिलं नाही. बसा, गुटो, बसा. कुठं होता तो माणूस? कड्यावर होता."

"हो," गुटोचा आवाज. "कड्यावर होता."

पंचवीस मिनिटं इंग्रजीत कोंडलेला दम असा एकदम सुटला की कुठल्या तयारीची गरजच पडली नाही. तिसऱ्या वाक्याला आवाज लांबला. चौथ्याला शब्द परत आला. "खरंय," गुटो म्हणाला, आणि मॉर्व्हिदबाईसुद्धा म्हणाल्या, "हो, हो." तेग्वेननं भिंतीला तळहात टेकवला. भिंतीतून तो सूर हाताला लागत होता. जमीन सुटायला फार तर दोन वाक्यं उरली होती.

देवाची माफी मागून सांगायचं तर, त्या क्षणी पॅरी पाळकांच्या मुलीनं मनापासून हात जोडले ते एवढ्यासाठीच, की मिसेस डटननी संडासातून बाहेर येऊ नये. कडी अडकू दे. काहीही होऊ दे.

रस्त्यावर हेव्हिननं इंजिन बंद केलं होतं. खिडकीची काच खाली होती आणि तोही मान खाली घालून बसला होता. त्याच्यामागच्या सीटवर मिस्टर ॲक्रॉइड, मांडीवर टोपी, डोळे पुढच्या रस्त्यावर. ते घड्याळाकडे बघत नव्हते. न बघण्याचा प्रयत्न करत होते.

आवाज चढला. आत कुणीतरी हुंदका दिला. आणि पाण्याचा लोंढा सोडल्याचा आवाज झाला, दार उघडलं, आणि हात पुसत मिसेस डटन आल्या.

"सॉरी हं, बाळा. साखळी ओढायची कशी तेच कळेना. मी शेवटची का? किती गोड आवाज आहे तुमच्या बाबांचा. रडतायत का ते?"

"नाही," तेग्वेन म्हणाली. "रडत नाहीयेत. सावकाश उतरा, इथं पायरी निसरडी आहे."

तिनं मिसेस डटनचा हात धरला. तीन पायऱ्या. फाटक. बसच्या दोन पायऱ्या. एकतीस. हेव्हिननं तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. इंजिनाच्या घरघरीत बाकी सगळं बुडालं. वळणापर्यंत तिनं खिडकीत कान लावून ठेवला होता. पण तिथं ऐकू येण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गाडी अगदी सुटायच्या शिट्टीला मिळाली. मिस्टर ॲक्रॉइड इंजिनापाशी गेले, चालकाशी काय बोलले कोण जाणे, त्यानं त्यांना वर घेऊन एक फावडं कोळसा सारू दिला. ते डब्यात परत आले तेव्हा तोंडाला काजळी होती आणि ते पुसायला तयार नव्हते. गाडी निघाली. ओकची झाडं, पलीकडे पाणी, धूर. तेग्वेन त्यांच्या समोरच बसली होती, मिसेस डटनची पिशवी सांभाळत.

बराच वेळ खिडकीबाहेर बघून झाल्यावर म्हातारे पुढे वाकले आणि त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"बाई, तुमच्या वडलांना माझा निरोप सांगा. तुम्ही म्हणाला होतात, शब्द कळणार नाहीत. पण ते आमच्यासाठी इंग्रजीतून बोलले. मला प्रत्येक शब्द कळला."

"हो ना," तेग्वेन म्हणाली. "सांगते. त्यांना फार बरं वाटेल."

आणि हे खोटं नव्हतं. तादांना खरंच फार बरं वाटणार होतं.